ठासणीच्या बंदुकीतला धूर

रत्नागिरीकडच्या काही जुन्या घरांत आजोबांची ठासणीची बंदूक अजून असते. रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली. तिची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा प्राणवायू पुरवतो, म्हणून दारू बंद नळीतही पेटते. पण जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपात उरते. तोच पांढरा धूर आणि नळीतली काजळी. ही काजळी ओलावा शोषते आणि कोकणच्या दमट हवेत नळी आतून गंजत जाते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बनवलेली बिनधुराची दारू निराळी. तिचा दाब अशा नळीला पेलत नाही, ती फुटू शकते. तेव्हा वारशाची बंदूक घरी ठासून पाहू नका. परवाना नावावर होईपर्यंत तिची जागा पोलीस ठाण्यात.