अस्वलाचा पंजा आणि लिंबाचा साबण

डोंबिवलीच्या एका वाचकांचे चिरंजीव व्हँकुव्हरला असतात. सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बोटीतून साल्मन धरायला जातात. तिथली मंडळी गळाला आमिष बांधण्याआधी लिंबाच्या साबणाने हात खसाखसा धुतात म्हणे. ‘जेवण्याआधी धुत नाहीत एवढे! हे काय खूळ?’ असं या वाचकांनी विचारलंय.

खूळ आहे खरं, पण त्याचं मूळ एका सुंदर प्रयोगात आहे. उगमाकडे परतणारे साल्मन धबधबा ओलांडता यावा म्हणून बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या चढतात. ब्रिटिश कोलंबियात जे. आर. ब्रेट आणि मॅकिनन हे संशोधक अशा पायऱ्यांवरून चढणारे मासे मोजत आणि वरच्या बाजूने नाना वास पाण्यात सोडून पाहत. अस्वलाचा पंजा बुचकळलेलं पाणी सोडलं, की चढाई थंडावे. माणसाने नुसते हात खळबळलेलं पाणी ओतलं तरी तेच! काही मिनिटांनी मासे पुन्हा चढू लागत. हे 1954 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी आयडलर आणि सहकाऱ्यांनी त्वचेतला गुन्हेगार शोधून काढला: सेरीन हे अमिनो आम्ल. (1865 मध्ये ते पहिल्यांदा मिळालं रेशमातून, नावही रेशमाच्या लॅटिन शब्दावरूनच. म्हणजे पैठणीतही तेच!) साल्मनच्या नाकाची गोष्ट निघाली की सगळे आर्थर हॅस्लर या शास्त्रज्ञाचं नाव घेतात, आणि ते योग्यच, पण अस्वलाचा पंजा पाण्यात बुचकळणाऱ्या ब्रेटना कुणी विचारत नाही.

वास घालवणारे साबण, वासाची तेलं विकणाऱ्यांनी हा प्रयोग मात्र उचलला. ते एक गोष्ट सोयीने विसरतात. ते मासे नदीतले होते, खाणं सोडून घरी निघालेले. समुद्रातला साल्मन हेरिंगच्या थव्यामागे वखवखून धावत असतो. त्याच्या बाबतीतही हाताचा वास तितकाच आडवा येतो, हे त्या पायऱ्यांवरून सिद्ध होत नाही. डिझेलच्या हातांनी आमिष बांधू नये, एवढं मी मान्य करीन.

तीच गत ‘यूव्ही’ रंगाच्या आमिषांची. साल्मनच्या पिल्लांना अतिनील प्रकाश दिसतो, हे खरं. पण 2004 मध्ये चेंग आणि नोवालेस फ्लामारिक यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पिल्लू वाढताना डोळ्यातली तीच शंकुपेशी अतिनीलचं रंगद्रव्य बनवणं सोडून निळ्याचं बनवू लागते. पेशी तीच, नोकरी बदललेली! आता काही रंग अतिनील शोषून दृश्य प्रकाशात चमकतात, ते दिसतीलही. पण मग श्रेय चमकेला द्या, ‘यूव्ही’ अक्षरांना नको.

मासा खरा फसतो तो हालचालीला. चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं, ते ट्रोलिंग. जाळं ओढणाऱ्या आपल्या ट्रॉलरशी गल्लत नको. कोकणात हौशी लोक सुरमईसाठी बोटीमागे गळ ओढतात, ते याच जातीचं. (आणि हॉटेलात ‘इंडियन साल्मन’ म्हणून येतो तो रावस, त्याचं साल्मनशी काही नातं नाही.) बोटीच्या कठड्यावर चरखी असते, तिच्यावरून पोलादी तार खाली जाते आणि टोकाला पाच-सहा किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवायची. मासा लागला की चिमटा सुटतो. दोरीवर वीतभराहून मोठी चमकती पट्टी, म्हणजे फ्लॅशर. तिच्या मागे साधारण मीटरभरावर प्लास्टिकची झालर असलेली ‘हूची’, म्हणजे नकली माकूल. हूचीत स्वतःचा जीव काहीच नाही; पट्टी गरगरते आणि दर फेरीला तिला हिसका बसतो. वेग कमी पडला तर पट्टी नुसतीच डुलते आणि हूची मढ्यासारखी मागे फरफटते.

हा वेग असतो ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढा. पण कोणाच्या तुलनेत? जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या तुलनेत. पडद्यावर पाच दिसतायत आणि भरतीचं पाणी ताशी दोनने बोटीबरोबरच वाहतंय, तर आमिषाच्या वाट्याला तीनच. बोट उलटी वळवा, पडद्यावर तेच पाच, आमिषाला मात्र सात! त्यात तीस मीटर खालचं पाणी वरच्यापेक्षा वेगळ्याच दिशेने जात असतं. म्हणून मुरलेला माणूस पडद्याकडे पाहत नाही. तो कठड्याला टेकून तार पाण्यात किती तिरकी शिरते ते पाहतो, आणि कोन सुधारला की मगच हात धुवायला जातो.