भुईरिंगणी

(काटेरिंगणी; हिं. भटकटैया, गु. भोंयरिंगणी, सं. कंटकारी, निदिग्धिका; लॅ. सोलॅनम व्हर्जिनिॲनम, कुल-सोलॅनेसी). वांगे व बटाटा यांच्या वंशातील ही काटेरी, जमिनीसरपट पसरणारी बहुवर्षायू ओषधी भारतात बहुतेक सर्वत्र पडीक जागी व रस्त्यांच्या कडेने आढळते. काट्यांमुळे गुरे तिला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे अतिचराईच्या जमिनीतही ती टिकून राहते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेले जातिवाचक नाव व्हर्जिनियावरून असले, तरी ती मूळची तेथील नाही. जुन्या ग्रंथांत ती सोलॅनम झँथोकार्पम या नावाने आढळते.

खोड नागमोडी व बहुशाखित. काटे सरळ, पिवळे व चकचकीत. पाने खंडित असून त्यांच्या शिरांवरही काटे असतात. फुले जांभळी, परागकोश पिवळे. परागकोश टोकाच्या छिद्रांनी उघडतात; फुलाला धरून पंखांचे स्नायू कंपित करणारे भुंगे पराग बाहेर काढतात. मृदुफळ गोल, हिरवे व पांढऱ्या पट्ट्यांचे असून पिकल्यावर पिवळे होते.

शोभेसाठी शैलोद्यानात किंवा कुंडीत ही लावता येते. पिकलेल्या फळांतील बी धुऊन सावलीत वाळवितात व रोपे करून सु. ६० सेंमी. अंतराने लावतात. भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन आवश्यक असते. मानखुर्दसारख्या खाडीलगतच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. तेथे उंच वाफा किंवा वाळूमिश्रित मातीची कुंडी योग्य ठरते. वांग्यावरील एपिलॅक्ना भुंगेरे हिच्यावरही पोसले जातात, म्हणून वांग्याच्या वाफ्याशेजारी ही लावू नये.

आयुर्वेदातील दशमुळांपैकी ही एक असून खोकला व दमा यांवरील औषधांत वापरतात. तथापि फळांत विषारी ग्लायको-अल्कलॉइडे असतात. टोमॅटोसारखी दिसणारी पिवळी फळे मुलांना आकर्षित करतात. म्हणून मुलांच्या वावराची जागा टाळावी, छाटणी करताना जाड हातमोजे वापरावेत आणि वैद्याच्या सल्ल्याशिवाय कोणताही भाग पोटात घेऊ नये.

हिच्याच वंशातील सोलॅनम व्हायरम ही काटेरी जाती सोलॅसोडीन या स्टेरॉइड-निर्मितीच्या कच्च्या मालासाठी भारतात लागवडीत आली. मानखुर्दलगतच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात उत्परिवर्तनाने मिळविलेला तिचा वाण ‘बार्क’ या नावाने ओळखला जातो. हीच जाती अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात मात्र उपद्रवी तण ठरली आहे. त्यामुळे काटेरी सोलॅनमे बागेत लावताना पिकलेली फळे वेळीच तोडून बी पसरू न देणे हिताचे असते.