तपासणी नाका : अर्थ आणि उपयोग

रस्त्यात उभे केलेले अडथळे, वाहन थांबवण्याचा इशारा आणि कागदपत्रे मागणारे अधिकारी हे दृश्य देशात सर्वत्र परिचित आहे. मात्र प्रत्येक नाक्याचा हेतू वेगळा असतो आणि त्यानुसार तपासणीच्या मर्यादाही ठरतात.

करवसुली हा नाक्यांचा जुना हेतू होय. राज्यांच्या सीमांवर मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागत असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यानंतर तीन दिवसांच्या आत २२ राज्यांनी हे नाके बंद केले. मुंबईतील जकातही त्याच वेळी संपुष्टात आली. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक झाले.

सुरक्षा हा दुसरा हेतू. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. त्याची सुरुवात २००० मध्ये जयपूर येथून झाली.

निवडणूक काळातील नाक्यांचा सर्वसामान्यांशी थेट संबंध येतो. पैसा, मद्य आणि भेटवस्तूंद्वारे मतदारांना प्रलोभन दाखवले जाऊ नये, यासाठी स्थिर सर्वेक्षण पथके रस्त्यांवर वाहने तपासतात. या तपासणीचे चित्रीकरण करण्यात येते. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षकार्यकर्ता प्रवास करत असलेल्या वाहनात ५० हजार रुपयांहून अधिक रोकड आढळल्यास ती जप्त होऊ शकते.

परंतु लग्नाच्या खरेदीसाठी किंवा रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी निघालेल्या व्यक्तीजवळही मोठी रक्कम असू शकते. अशा नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी जिल्हा स्तरावर तीन अधिकाऱ्यांची तक्रार निवारण समिती असते. जप्तीच्या कागदपत्रात दाद मागण्याच्या पद्धतीचा उल्लेख असावा लागतो. गुन्हा दाखल झालेला नसल्यास रक्कम मतदानानंतर सात दिवसांहून अधिक काळ अडकवून ठेवता येत नाही. त्यामुळे बँकेतून पैसे काढल्याची पावती, खरेदीची देयके आणि ओळखपत्र जवळ बाळगणे हिताचे ठरते.

व्यक्तीच्या झडतीलाही मर्यादा आहेत. अमली पदार्थविषयक कायद्यानुसार महिलेची झडती महिलेनेच घ्यावी लागते.

नाक्यावर सहकार्य करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. तपासणी नियमांच्या चौकटीत राहील, याची जबाबदारी मात्र तपासणाऱ्या यंत्रणेची आहे.