ओसाड क्रीडागृहांतील भय

भयपटास मोठें भांडवल लागतें, हा समज ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ ह्या १९६२ सालच्या अमेरिकन चित्रपटानें खोटा पाडला. दिग्दर्शक हर्क हार्वे एरवीं शाळांसाठीं बोधपट काढीत; आम्हां मास्तरांस हें ऐकून बरें वाटतें! यूटांतील खाऱ्या सरोवराकांठचें ‘सॉल्टेअर’ हें ओसाड क्रीडागृह त्यांनीं प्रवासांत पाहिलें, आणि कल्पना तेथेंच सुचली. सुमारें ३३ हजार डॉलरांत काम भागलें. पिशाचाचें सोंगही त्यांनींच घेतलें. मोटारीसह नदींत बुडूनही वर आलेली एक ऑर्गनवादक तरुणी त्या वास्तूकडे ओढली जाते. रक्तपाताचा आधार नाहीं. जेथें हजारों जोडपीं नाचलीं, तेथें तिचींच पावलें वाजतात. भय उपजतें तें ह्या रितेपणांतून. तसली जागा पैसे टाकून उभारतां आली नसती. १९७० सालीं ती आगींत भस्म झाली.