‘पुढं साठला मिळतंय की!’

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं बीड, धारूर, अंबाजोगाईच्या रस्त्यांवर पाट्यांनी येऊन बसतात. तिथं दिवसभर एकच बोलणं चालतं.

“काय भाव, मावशी?”

“ऐंशी रुपये किलो.”

“पुढं साठला मिळतंय की!”

यावर नवखा विक्रेता एक तर “मग पुढंच घ्या” म्हणून तोडतो, नाही तर झटकन सत्तरवर येतो. दुसरं जास्त वाईट. इतक्या सहज दहा सुटले म्हटल्यावर गिऱ्हाईकाला वाटतं, हा आधी लुटतच होता. मग ते पासष्टवर ओढतं.

भावाला हात लावण्याआधी माल आपल्याला कितीला पडला, हे तोंडपाठ हवं. समजा, २० किलोचं कॅरेट ५० रुपये किलोनं घेतलं, हजार झाले. टेम्पोला ५० गेले. सीताफळ तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकतं, दबतं, फुटतं. ३ किलो खराब झालं तर विकायला उरलं १७ किलो. म्हणजे किलोमागं जवळजवळ ६२ रुपये पडले. पन्नासची खरेदी डोक्यात ठेवून साठनं विकणाऱ्याला वाटतं दहा सुटले. खरं तर तो पदरचे दोन घालून विकतोय, आणि स्वतःची दिवसभराची मजुरी त्यानं धरलेलीच नाही. ऐंशीवरून सत्तरवर आलं तर अठरातले दहा गेले, निम्म्याहून जास्त. भाजीवाला, फुलवाला, बेकरीवाला, सगळ्यांचा खराबा असाच हिशेबाबाहेर राहतो.

मग गिऱ्हाईकाला सांगायचं काय? फार बोलू नये, एक फळ फोडून हातावर ठेवावं. ‘नुसत्या बियाच’ ही तक्रार खोटी नाही. बार्शीकडच्या गोल्डन जातीत बिया कमी, गर जास्त, आणि ती टिकतेही. डोंगरातलं सीताफळ मात्र पावसाच्या पाण्यावर वाढतं. शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून उघड्या माळावरही जगतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन ऐकून कुणी वीस रुपये जास्त देत नाही. गर जिभेवर गेल्यावर देतो. त्याहून उपयोगाचं म्हणजे दोन पाट्या करणं: नुकते डोळे उघडलेलं, परवा पिकणारं फळ एकीत आणि आजच खायचं मऊ फळ दुसरीत. साठवाल्याला मऊ पाटी दाखवता येते. भाव उतरतो, पण त्याला कारण असतं. सूट द्यायचीच तर बदल्यात काही घ्यावं, पाच किलोची खरेदी किंवा रोख पैसे. नाही तर वर एक फळ घालावं. भाव जागेवर राहतो आणि गिऱ्हाईक खुशीत जातं.

किराणा दुकानातली घासाघीस वेगळी. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कायद्याची ना नाही, हे गिऱ्हाईकाला पक्कं ठाऊक असतं. त्यातून बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. कारखान्याची उचल हातात असते तेव्हा भावाची फारशी चौकशी होत नाही. पावसाळ्यात तोच माणूस तेलाची पिशवी उचलून “लई महाग झालं” म्हणत खाली ठेवतो. त्याचं म्हणणं भावाबद्दल नसतंच, खिशाबद्दल असतं. पाच रुपये कमी केले तरी तो घेणार नाही. अर्ध्या लिटरची पिशवी पुढं केली तर घेईल. इथं दुकानदार हमखास चुकतात: सूटही देतात आणि उधारीही लिहितात. एका व्यवहारात दोन्ही देणं कुठल्याच छोट्या दुकानाला झेपत नाही.

जनावरांच्या बाजारात पूर्वी उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. दुकानात तसली सोय नाही. सकाळी एकाला सोडलेले पाच रुपये संध्याकाळपर्यंत गल्लीभर कळतात, आणि नेहमीचं, कधीही भाव न करणारं गिऱ्हाईक त्यानं दुखावतं. चिकाटीनं भांडणाऱ्याला स्वस्त आणि गुपचूप पैसे देणाऱ्याला महाग, हा उलटा न्याय आपल्याकडे सर्रास चालतो, आणि तो चूकच आहे.

तेव्हा दिवाळीचा माल भरण्याआधी एका दुपारी वही घेऊन बसा. सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तू लिहा, प्रत्येकीसमोर खरेदी, भाडं, खराबा मांडा आणि ज्याच्याखाली जायचं नाही तो आकडा लाल शाईनं लिहून ठेवा. गल्ल्यावर मुलगा बसत असेल तर त्यालाही तो दाखवा.