कपाटातील पीक आणि कायद्याचा तराजू

जानेवारी 1992 मधील एक पहाट. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या लहानशा गावी, रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीत बसून एक सरकारी अधिकारी समोरच्या घरावर एक यंत्र रोखून होता. यंत्र उष्णता टिपणारे होते. शेजारच्या घरांच्या मानाने या घराच्या गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत अधिक तापलेली आहे, एवढेच त्यात दिसले. ही आकृती, विजेची बिले आणि खबऱ्यांची माहिती यांच्या आधारे वॉरंट मिळाले. झडतीत प्रखर दिव्यांखाली वाढविलेली गांजाची शंभराहून अधिक झाडे सापडली. ‘कायलो विरुद्ध अमेरिका’ या नावाने हा खटला पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतील व्यवहार टिपणे ही झडतीच होय व वॉरंटावाचून ती सहसा करता येणार नाही, असा निर्णय 11 जून 2001 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी झाला.

कायदेपंडितांना या निकालात घराच्या उंबरठ्याची प्रतिष्ठा राखली गेल्याचे समाधान मिळते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र निराळाच प्रश्न पडतो. जी वनस्पती हिमालयाच्या उतारावर आपोआप उगवते, जिला ऊन फुकट आणि जमीन कसलीही चालते, तिला गॅरेजात कोंडून, विजेचे दिवे लावून, पंख्याने वारा घालून वाढविण्याचा खटाटोप कोणी का करावा? शेतीच्या कोणत्याही हिशेबात हा धंदा आतबट्ट्याचाच ठरावयास हवा. तो तसा ठरला नाही, याचे कारण शेतीशास्त्रात नसून कायद्यात आहे.

शेतातून माळ्यावर

अमेरिकेत पूर्वी गांजा मुख्यत: मेक्सिकोतून येत असे. 1970 नंतरच्या दशकात तेथील पिकावर विमानांतून तणनाशक फवारण्यात आले. मग देशातच, विशेषत: उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत, लागवड वाढली. 1983 पासून त्या डोंगरांवर हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली. आकाशातून दिसणारे पीक टिकत नाही असे ठरल्यावर ते छपराखाली गेले. तळघरे, माळे, गॅरेज आणि अखेरीस कपड्यांची कपाटे ही त्याची नवी शेते झाली. 1989 मध्ये सरकारने दिवे व बागकामाची सामग्री विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले; परंतु पीक काही उघड्यावर आले नाही. उलट दिवेच बदलत गेले. मोठ्या, तापणाऱ्या दिव्यांच्या जोडीला लहान फ्लुओरेसंट दिवे आले, त्यानंतर एलईडी आले. उष्णता कमी झाली, वीज कमी लागू लागली आणि लपण्यास लागणारी जागाही आकसली. बंदोबस्ताच्या प्रत्येक पावलाला उत्पादकाने तंत्राचे एक पाऊल टाकून उत्तर दिले.

या स्थलांतराचा पहिला परिणाम विजेच्या मीटरवर दिसला. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील एक संशोधक इव्हान मिल्स यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असा अंदाज मांडला की, अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज घरांत व गोदामांत गांजा पिकविण्यावर खर्च होते आणि तिचे मूल्य वर्षाला 6 अब्ज डॉलर आहे. शस्त्रक्रियेच्या दालनात असतो तसा लख्ख उजेड या रोपांवर तासन्‌तास पाडला जातो, असे त्यांनी नमूद केले आहे. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे, छपराखाली पिकविलेल्या एक किलो वाळलेल्या गांजामागे, स्थळपरत्वे 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत सोडले जातात. सूर्य जे काम विनामूल्य करतो, त्यासाठी कोळसा आणि वायू जाळण्याचा हा प्रकार आहे.

हापूसचे उदाहरण

परंतु विजेची उधळपट्टी हा या कथेतील लहान भाग. मोठा भाग मालाच्या प्रतीचा आहे. आर्मेन आल्चियन आणि विल्यम अ‍ॅलन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मधील आपल्या पाठ्यपुस्तकात एक साधा सिद्धान्त सांगितला होता. तो आपल्याकडे समजावून देण्यास हापूस आंब्याइतके चांगले उदाहरण नाही. समजा, रत्नागिरीत उत्तम आंब्याची पेटी 2,000 रुपयांना आणि सामान्य आंब्याची 1,000 रुपयांना मिळते. म्हणजे उत्तम आंबा दुपटीने महाग. आता दोन्ही पेट्या परदेशी पाठविण्याचा खर्च प्रत्येकी 2,000 रुपये धरला, तर तेथे त्यांच्या किमती 4,000 आणि 3,000 होतात. दुप्पट असलेले अंतर एक तृतीयांशावर आले. तेथील गिऱ्हाईक साहजिकच म्हणते, एवढे भाडे भरायचेच तर उत्तमच घेऊ. चांगला आंबा परदेशी का जातो, या आपल्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बव्हंशी या बेरजेत आहे.

बेकायदा मालाच्या बाबतीत पकडले जाण्याचा धोका हेच ते भाडे होय. झाड जोमदार असो वा निर्जोर, ते कपाटात तेवढीच जागा अडविते, तेवढीच वीज खाते आणि मालकाला तुरुंगाच्या तेवढेच जवळ नेते. मग तो सौम्य जातीचे झाड कशाला लावील? चार फूट जागेतून अधिकात अधिक नशा काढणे हेच त्याच्या फायद्याचे. अमेरिकेत जप्त झालेल्या मालाच्या नमुन्यांत टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण 1995 मध्ये सुमारे 4 टक्के होते. 2014 मध्ये ते सुमारे 12 टक्के झाले. या वाढीला बियांची निवड, लागवडीतील कौशल्य अशी इतरही कारणे आहेत. परंतु त्या कौशल्याला कोणत्या दिशेने मोबदला मिळेल, हे धोक्याच्या या भाड्याने ठरविले. दारूबंदीच्या काळात सौम्य पेयांपेक्षा कडक दारू अधिक का फिरते, याचेही कारण हेच.

आणि ही वाढ निरुपद्रवी नाही. युरोप व ब्राझीलमधील 11 ठिकाणी झालेल्या व 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा टक्के वा त्याहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत चित्तभ्रमाचा विकार होण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळली. तरुणांना या व्यसनापासून वाचविण्यासाठी केलेल्या बंदोबस्तानेच त्यांच्या हाती अधिक जालीम माल पडावा, ही या प्रश्नातील खरी विसंगती आहे.

यावर सोपा तोडगा म्हणून बंदी उठविण्याचा मार्ग सुचविला जातो. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 पासून तो पत्करला आणि घरी चार झाडे लावण्याची मुभा दिली. जर्मनीने एप्रिल 2024 पासून तीन झाडांची दिली. परंतु या मार्गाचेही मोल आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. ऑरेगनमध्ये विक्री खुली झाल्यावर किरकोळ भाव 2016 च्या अखेरीस ग्रॅमला 10 डॉलरच्या वर होता, तो 2018 च्या अखेरीस 5 डॉलरच्या खाली आला. स्वस्त वस्तू अधिक खपते, हा नियम मादक पदार्थांनाही लागू आहे. शिवाय बंदी उठली म्हणून जालीमपणा आपोआप उतरत नाही. गिऱ्हाइकाला लागलेली चव आणि कारखानदाराने गुंतविलेले भांडवल सहजी मागे फिरत नाही. अमेरिकेत तर संघराज्याच्या कायद्यामुळे माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. म्हणून हिमप्रदेशातील राज्यांतही तो दिव्यांखालीच पिकतो. बंदीने लावलेल्या सवयी बंदीनंतरही उरतात, असा हा धडा आहे.

आपला कायदा

हा सारा दूरदेशचा वृत्तान्त म्हणून सोडून देता आला असता, तर बरे झाले असते. तसे राहिलेले नाही. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात ‘हायड्रोपोनिक’ म्हणजे मातीविना, दिव्यांखाली वाढविलेला गांजा मुंबईच्या विमानतळावर सापडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचावयास मिळतात. शहरांतील सदनिकांच्या एखाद्या खोलीत असे पीक घेतल्याची प्रकरणेही आपल्या देशात उघडकीस आली आहेत. ज्या देशात ही वनस्पती रानोमाळ उगवते, तेथे ती विमानाने यावी किंवा दिव्याखाली वाढावी, याचा अर्थ भाड्याचा सिद्धान्त येथेही लागू झाला आहे.

या विषयाचा विचार आपल्याकडे पूर्वी अगदीच झाला नव्हता, असे नाही. 1893 साली नेमलेल्या भांग-गांजाविषयक आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन 1894 मध्ये असा निष्कर्ष काढला की, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही; परवाना व कर यांच्याद्वारे वापर आटोक्यात ठेवावा. परवान्याच्या दुकानांची ती पद्धत अनेक राज्यांत पुढेही दीर्घकाळ टिकली. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि 1985 च्या आपल्या कायद्यानंतर चित्र पालटले. भांगेची पाने त्या कायद्यातील व्याख्येबाहेर राहिली. फुलोऱ्याचा गांजा मात्र निषिद्ध झाला.

2001 च्या दुरुस्तीने गांजा बाळगण्याच्या शिक्षेत प्रमाण आणले. एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोंपुढे व्यापारी, अशी प्रतवारी झाली. ही सुधारणाच होती. पण तीत दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, प्रतवारी केवळ वजनाची आहे. रानातील निर्जोर गांजाचा किलो आणि दिव्याखाली वाढविलेल्या जालीम गांजाचा किलो कायद्याच्या तराजूत सारखेच भरतात. बाजार नशा मोजतो आणि कायदा वजन मोजतो. अशा स्थितीत कमी वजनात अधिक नशा भरण्याला आपणच उत्तेजन देतो. दुसरी उणीव अशी की, लागवडीच्या कलमात प्रतवारीच नाही. कपाटातील एक कुंडी असो वा डोंगरावरील एक एकर, दोहोंना दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड ही एकच कमाल मर्यादा आहे. न्यायाधीशाला तारतम्य वापरता येते हे खरे. परंतु कायद्यानेच दाखवावयाचे तारतम्य न्यायाधीशावर सोपविणे योग्य नव्हे.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या 2019 मधील अहवालाप्रमाणे देशात सुमारे 3.1 कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेणारे आहेत आणि त्यांपैकी सुमारे 72 लाखांना त्या सवयीतून सुटण्यासाठी मदतीची गरज आहे. एवढ्या माणसांना तुरुंग पुरणार नाहीत आणि पुरू नयेत. बंदी ठेवावयाची असेल, तर ती निदान हिशेबी असावी. शिक्षा ठरविताना मादकतेचा अंश विचारात घ्यावा. लागवडीच्या कलमात कुंडी आणि मळा यांत भेद करावा. व्यसनी म्हणून स्वत:हून उपचारास येणाऱ्याला खटल्यातून सूट देण्याची जी तरतूद कायद्यात आहे, ती महाविद्यालयांपर्यंत, पालकांपर्यंत पोचवावी. आज तिचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. आणि ‘पूर्वीही लोक ओढतच होते’ असे म्हणणाऱ्या तरुणाला हे स्पष्ट सांगावे की, पूर्वीचे लोक ओढत ते हे नव्हे.

गांजाला उत्तेजन देण्यासाठी हे लिहिलेले नाही. लेखाचा रोख कायदा करणाऱ्यांच्या एका जुन्या समजुतीवर आहे. शिक्षा वाढविली की वस्तू नाहीशी होते, ही ती समजूत. वस्तू पुष्कळदा नाहीशी होत नाही; ती रूप बदलते, आणि बदललेले रूप मूळच्याहून घातक असू शकते. फ्लॉरेन्स गावातील भिंत कशाने तापली होती, हे त्या अधिकाऱ्याला कळले. गांजा त्या भिंतीआड का गेला, हा प्रश्न मात्र त्याच्या यंत्राच्या कक्षेबाहेरचा होता. आपल्या विधिमंडळांनी व संसदेने तो वेळीच विचारावा.