आईला अल्झायमर झाला, मग मलाही होईल का?

घरातल्या आजींना अल्झायमर आहे असे निदान झाले की औषधपाण्याबरोबर आणखी एक काळजी सुरू होते. मुले मनातल्या मनात विचारतात, "उद्या माझेही असेच होणार का?" नातीचे स्थळ बघताना आजीच्या आजाराविषयी बोलावे की नाही, असाही प्रश्न पडतो. उज्जैनमधली आपली मराठी कुटुंबे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, म्हणून हा संकोच अधिकच. तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा नेमका किती, ते पाहू.

पासष्टीच्या आधी, कधी चाळिशीतच सुरू होणारा आणि एकाच जनुकातल्या दोषामुळे थेट मुलांत उतरणारा अल्झायमर फार विरळा. बहुतेकांना होतो तो पासष्टीनंतरचा. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार असतो. त्यातले सर्वांत महत्त्वाचे जनुक म्हणजे एपीओई. त्याचा संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी दाखवला.

या जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत : ई२, ई३ आणि ई४. प्रत्येकाला एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. ई३ सर्वांत जास्त आढळतो, ई२ काहीसे संरक्षण देतो, तर ई४ धोका वाढवतो. युरोपीय वंशाच्या लोकांतील अभ्यासांनुसार ई४ ची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट होतो, दोन असल्यास आठ ते बारा पट. आईकडे ई४ ची एकच प्रत असेल, तर ती मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आली तरी आजार होईलच असे नाही. आणि ई४ नसलेल्यांनाही अल्झायमर होतो.

आपल्या देशात हरियाणातील बल्लभगड येथे या जनुकाचा अभ्यास झाला. अमेरिकेतील पेनसिल्वेनियाच्या ज्येष्ठांशी तुलना करता तिथे ई४ कमी लोकांत आढळला; पण ज्यांच्यात होता, त्यांच्यात आजाराशी त्याचा संबंध तेवढाच होता.

जनुके बदलता येत नाहीत, पण बाकी बरेच हातात आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत : उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, कमी ऐकू येणे, व्यायामाचा अभाव, एकटेपणा इत्यादी. ती सगळी दूर झाली, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल.

म्हणून नुसत्या भीतीपोटी जनुक चाचणी करून घेऊ नये. करायचीच तर आधी तज्ज्ञांशी बोलावे. घरात कोणी वारंवार विसरू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. आणि आजीच्या आजारावरून नातीचे स्थळ नाकारण्याला शास्त्राचा काहीच आधार नाही.